‘फुल होती म्हणलास की रं?’

धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीत माझं ऑनलाइन सेवा केंद्र आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्ती, पीकविमा, जे म्हणाल ते. एक टेबल, एक लॅपटॉप, एक प्रिंटर आणि अंगठ्याचं मशीन. सकाळी नऊला लॅपटॉपला पिन लागते ती रात्री आठला निघते. २०१९ साली घेतल्यापासून तो त्या टेबलावरून फारसा हललेला नाही. नाव लॅपटॉप, पण जगणं दावणीला बांधलेल्या बैलाचं.

२०२३ च्या खरिपात एका रुपयात पीकविमा आला आणि जुलैअखेर माझ्या दारात चपला मावेनात. त्यातल्या एका दिवशी सकाळपासून लाईट ये-जा करत होती. दुपारपर्यंत इन्व्हर्टरनं मान टाकली. समोर एक आबा बसले होते, पिशवीत सातबारा, आधार, पासबुक आणि सोयाबीनचा पीकपेरा. कागद चढवत असतानाच लाईट गेली. स्क्रीनच्या कोपऱ्यात ९४ टक्के दिसत होते, म्हणून मी बिनघोर होतो. “आबा, काळजी नको, बॅटरी फुल हाय.” दोन मिनिटंही झाली नसतील, स्क्रीन काळी. भरलेलं सगळं गेलं. आबांनी एकदा लॅपटॉपकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. “फुल होती म्हणलास की रं?”

आबांचा अर्ज रात्री लाईट आल्यावर भरला. प्रश्न मात्र डोक्यात राहिला. विंडोजमधून बॅटरीचा रिपोर्ट काढता येतो, तो काढला. नवी असताना माझी बॅटरी ४२ वॅट-तासांची होती. चार वर्षांत ती नऊवर आली होती. म्हणजे ९४ टक्के खरेच होते, पण घागरीचा पेला झाला होता आणि पेला काठोकाठ भरलेला होता. नऊ वॅट-तासांत कागदावर अर्धा तास निघायला हवा. पण म्हातारी बॅटरी आतून अडू लागते. एकदम ओढ पडली की तिचा व्होल्टेज ढासळतो आणि आकडा ९४ दाखवत असतानाही मशीन बंद पडतं.

बॅटरी कायम फुल ठेवायची, हे मला कुणी शिकवलं? ट्रॅक्टरनं आणि इन्व्हर्टरनं. त्यांची बॅटरी शिसं आणि आम्लाची. ती अर्धवट उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की पट्ट्यांवर गंधकाचे क्षार जमतात आणि आपण म्हणतो, बॅटरी बसली. तिला भरलेलीच ठेवायची, हे शहाणपण तिथं सोळा आणे खरं. दुसरा सल्ला मोबाईलच्या पहिल्या जमान्यातला: पूर्ण उतरव, मग चार्ज कर. तोही निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्यांपुरता खरा होता. लॅपटॉपमधली लिथियम-आयन बॅटरी ही तिसरीच जात. सोनी कंपनीनं ती १९९१ मध्ये बाजारात आणली आणि तिच्यामागच्या संशोधनासाठी २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना मिळालं. म्हणजे नोबेल मिळालं त्याच वर्षी मी लॅपटॉप घेतला आणि लगेच त्याला ट्रॅक्टरचा न्याय लावला!

ही तिसरी जात काठोकाठ भरून ठेवणंच सोसत नाही. पूर्ण भरलेल्या एका सेलवर ४.२ व्होल्टचा ताण असतो. त्या ताणाखाली आतलं द्रावण इलेक्ट्रोडशी झगडत राहतं, त्यांच्यावर थर चढत जातो आणि साठवण घटते. चार्जर लावून ठेवल्यानं बॅटरी जादा भरते, हा गैरसमज आहे. शंभरला चार्जिंग आपोआप थांबतं आणि पुढं लॅपटॉप थेट चार्जरवर चालतो. खोट आहे ती महिनोन् महिने शंभरावर उभं राहण्यात. त्यात उष्णता मिळाली की दुष्काळात तेरावा महिना. बॅटऱ्यांच्या जगात एक कोष्टक सतत दाखवलं जातं. २५ अंशांत ४० टक्के भरलेली बॅटरी वर्षभर ठेवली, तर तिची ९६ टक्के क्षमता शिल्लक राहते. पूर्ण भरून ठेवली तर ८०. तापमान ४० अंश केलं, तर हेच आकडे ८५ आणि ६५ होतात. आता आमचा हिशेब करा. येरमाळ्याला येडेश्वरीची चैत्री यात्रा भरते तेव्हापासून पाऊस पडेपर्यंत माझ्या पत्र्याखाली काय तापतं ते मलाच ठाऊक. वर ओरखडे पडू नयेत म्हणून मी लॅपटॉपखाली टर्किशच्या टॉवेलाची घडी घालत होतो. हवा जायची भोकं त्या टॉवेलानं बंद. माया करून मारणं म्हणतात ते हेच.

यावर उपाय फुकट आहे, तो लॅपटॉपमध्येच असतो. लेनोवोत त्याला कॉन्झर्वेशन मोड म्हणतात. असूसमध्ये चार्जिंग ६० किंवा ८० वर थांबवता येतं. डेल आणि एचपीच्या पुष्कळ मॉडेलांत तो बायोसमध्ये सापडतो. एकदा लावला की चार्जर दिवसभर राहू द्या, बॅटरी ८० च्या पुढं जात नाही. दर तासाला पिन काढण्या-लावण्याची कसरत करायची गरज नाही. जेवताना दोन घास कमी खावेत, हे आपल्याकडं माणसाला सांगतात. बॅटरीलाही तेच मानवतं.

शेजारचा दुकानदार म्हणाला, “वीस टक्के सोडायचे म्हंजे लाईट गेल्यावर तेवढंच कमी की.” मुद्दा बरोबर आहे. पुण्यातल्या माणसाला तो सुचणार नाही, आम्हाला पहिला सुचतो. पण हिशेब मांडा. ४२ वॅट-तासांचे ८० टक्के म्हणजे साडेतेहतीस. माझ्या शंभर टक्के भरलेल्या पेल्यात होते नऊ. बॅटरी वयानंही झिजतेच, मर्यादा लावल्यानं झीज फक्त मंदावते. तरीही साडेतेहतीस आणि नऊ यांच्या मधे बरीच जागा आहे. शिवाय वळवाचं आभाळ भरून आलं किंवा अर्जाची शेवटची तारीख असली, की त्या दिवशी मी मर्यादा काढतो आणि शंभर करून घेतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा ८०.

माझी तक्रार वेगळी आहे. ही सोय बंद ठेवून लॅपटॉप का विकतात? दुकानात डबा फोडताना बॅग देतात, माउस देतात, अँटिव्हायरस गळ्यात मारतात. ‘हा टेबलावर राहणार का फिरणार?’ एवढं विचारून दोन मिनिटांत ८० ची मर्यादा लावून देणं त्यांना जड नाही. शाळा, ग्रामपंचायती आणि सरकारी कचेऱ्यांतले लॅपटॉप तर जन्मभर पिनेलाच असतात. सरकारी खरेदीत दोन अटी घाला: मर्यादा लावूनच माल द्यायचा, आणि बॅटरी साध्या स्क्रू ड्रायव्हरनं बदलता आली पाहिजे. युरोपीय संघात फेब्रुवारी २०२७ पासून ग्राहकाला स्वतः बॅटरी काढता-घालता येण्याचा नियम लागू होतोय. आपल्याकडं केंद्र सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, त्याच वर्षी वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकणारे नियमही आले. पण माझी जुनी बॅटरी फुगून टचपॅड वर उचलला गेला, तेव्हा ती द्यायची कुठं, हे मला तालुक्यात कुणी सांगू शकलं नाही. भंगारात टाकायची हिंमत झाली नाही. शोभेच्या दारूसाठी नाव असलेलं तेरखेडा आमच्याच तालुक्यात आहे. पेट घेणाऱ्या वस्तूला ठोकू नये, टोचू नये, हे आम्हाला वेगळं शिकवावं लागत नाही. पत्र्याच्या डब्यात वाळू घालून ती परसात ठेवली आणि नंतर बार्शीच्या दुरुस्तीवाल्याकडं पोचवली.

नवी बॅटरी ३,२०० रुपयांना पडली. पहिल्याच दिवशी मर्यादा लावली, टॉवेल घरी नेला. पुढच्या खरिपात आबा पुन्हा आले. अर्ज अर्ध्यावर असताना लाईट गेलीच. आबा मान पुढं काढून कोपऱ्यातला आकडा वाचायला लागले.

“अरं, ही तर ऐंशीच हाय. फुल करून ठिवायची न्हाई का?”

“न्हाई आबा,” मी म्हणालो, “मागल्या साली फुल होती.”

पावती छापायला लाईट येईपर्यंत थांबावं लागलं. अर्ज मात्र अंधारातच गेला.