मुलांच्या शाळेचा पहिला पंधरवडा

मृग लागला आणि चार सरी पडल्या की आपल्या घरांतून एकच धांदल उडते. बी, खत, औतकाठी, उसनवार यांतून शेतकऱ्यास मान वर करण्यास फुरसत नसते. लोहार-सुतारांच्या दारी औजारांचा ढीग पडतो. कुंभारवाड्यात गणपतीच्या मूर्तींचे काम जोरात चालते. आणि नेमक्या याच दिवसांत, जूनच्या मध्यास, राज्यातील बहुतेक शाळा उघडतात. विदर्भात उन्हामुळे त्या आणखी काही दिवसांनी उघडतात, इतकाच फरक. म्हणजे सहा वर्षांच्या पोरास आईबापांच्या आधाराची ज्या दिवसांत सर्वांत अधिक गरज, त्याच दिवसांत आईबापांचे सारे लक्ष शिवाराकडे व धंद्याकडे असते. पोर एकदा शाळेत बसले की आपण सुटलो, असे समजून जो तो कामाला लागतो. या समजुतीविषयी आज आम्हांस दोन शब्द स्पष्टपणे सांगावयाचे आहेत.

कोणी म्हणेल, यात लिहिण्यासारखे काय आहे? पोर चार दिवस रडते, पाचव्या दिवशी आपोआप रमते. बहुतेक पोरे रमतात ही गोष्ट खरी; परंतु जी रमत नाहीत त्यांचे पुढे काय होते, हे डोळे उघडून पाहिले पाहिजे. भेदरलेले पोर आज पोटदुखीचे, उद्या डोकेदुखीचे निमित्त सांगून घरी राहते. घरी राहिल्याने त्याची अक्षरे मागे पडतात. अक्षरे मागे पडली की वर्गात बोलणी बसतात, आणि बोलणी बसली की ते पुन्हा घरी राहते. असे करता करता चौथी-पाचवी येते, आणि मग आपणच म्हणतो, "याच्या डोक्यात काही शिरत नाही, लावा कामाला!" आम्ही विचारतो, दोष त्याच्या डोक्याचा की त्या पहिल्या पंधरवड्याचा? ज्या घरी पुस्तके आहेत, ज्या घरचे पोर दोन-तीन वर्षे बालवर्गात बसून आले आहे, ज्या घरी संध्याकाळी त्यास जवळ घेऊन बसण्यास कोणी रिकामे आहे, ते पोर आणि आपले पोर एकाच दिवशी पहिलीत बसते. पण दोघे एकाच ठिकाणाहून निघालेली नसतात. हे अंतर बुद्धीचे नव्हे, परिस्थितीचे आहे. आणि त्यातले काही तरी आपण एक पैसा खर्च न करता भरून काढू शकतो.

शेतकऱ्यास हे निराळे शिकवावयास नको. वापसा आल्याशिवाय तो पाभर घालीत नाही. नव्या गोऱ्ह्यास पहिल्याच दिवशी नांगराला जुंपीत नाही. जुन्या बैलाच्या जोडीने त्यास हलक्या कामावर फिरवितो, पाठीवर हात ठेवतो. कुंभार ओले मडके एकदम आव्यात घालीत नाही, आधी सावलीत वाळू देतो. जनावरास व मातीस जी सवड आपण देतो, ती पोटच्या पोरास का देऊ नये?

करावयाच्या गोष्टी साध्या आहेत. शाळा उघडण्याच्या आधी एकदा पोराचा हात धरून शाळेची वाट चालावी. वर्ग कोठे, पिण्याचे पाणी कोठे, मुतारी कोठे, हे त्यास डोळ्यांनी दाखवावे. कित्येक पोरांच्या रडण्याचे मूळ येथेच असते. लघवीस लागली तर कोणास व कसे विचारावे हे त्यास ठाऊक नसते. कपडे ओले होतात, बाकीची पोरे हसतात, आणि दुसऱ्या दिवसापासून ते शाळेचे नाव काढू देत नाही. "बाई, बाहेर जाऊ का?" एवढे एक वाक्य घरी दहा वेळा त्याच्याकडून म्हणवून घ्यावे. चड्डीचे बटण, चपलेचा पट्टा व पाण्याच्या बाटलीचे झाकण त्याचे त्यास काढता-लावता आले पाहिजे. आपले पूर्ण नाव, गाव व घरचा फोन नंबर त्यास पाठ असावा.

झोपेचेही तसेच आहे. सुट्टीभर जागरण करून मोबाईल पाहत बसलेले पोर पहिल्या दिवशी पहाटे उठवले तर ते रडणारच. आठ दिवस आधीपासून त्यास लवकर निजवावे. दुपारी शाळेत शिजवलेले अन्न मिळते, म्हणून सकाळी उपाशी धाडू नये. उपाशी पोराचे मन फळ्यावर ठरत नाही.

पहिले चार-पाच दिवस घरातील एका माणसाने पोरास स्वतः पोचवावे. दोघेही पेरणीत असतील तर आजा, आजी, चुलती, कोणीही चालेल. पण रोज तेच माणूस असावे. आणि निरोप घेताना खोटे बोलू नये. "मी इथेच दारात बसते" असे सांगून मागल्या मागे पळ काढण्याची आपल्याकडे सर्रास रीत आहे. त्याने त्या दिवशीचे रडणे टळते, पण पोराचा आईवरचा विश्वास उडतो, आणि दुसऱ्या दिवशी ते पदर सोडत नाही. "मी आता रानात जाते, शाळा सुटली की आजी न्यायला येईल" असे खरे सांगावे आणि आजीने त्या वेळेस दारात हजर असावे. संध्याकाळी "आज काय शिकलास?" म्हणून उलटतपासणी घेऊ नये, "कोणाशेजारी बसलास? काय खाल्लेस? कोण रडले?" असे विचारावे. पोर बोलू लागले की त्याची भीतीही बोलण्यातून बाहेर पडते.

आता आपल्या एका वाईट खोडीविषयी. पोर हट्टास पेटले की आई म्हणते, "थांब, गुरुजींना सांगते, चांगले सोलून काढतील!" ज्या माणसाजवळ पोरास वर्षभर बसावयाचे, त्याचाच बागुलबुवा आपण घरी उभा करतो आणि मग पोर शाळेस भिते म्हणून रडतो. शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला व १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या १७ व्या कलमाने मुलास मारणे व मानसिक त्रास देणे या दोन्हींस बंदी आहे. जे करण्याचा शिक्षकास अधिकार नाही, त्याची धमकी आईबापांनी त्याच्या नावाने देऊ नये. आणि कोठे मारहाण होत असेल तर "मास्तरच आहेत, मारणारच" म्हणून ती मुकाट्याने सोसूही नये.

शिक्षकांसही आमचे सांगणे आहे. आपली पोरे घरची बोली घेऊन वर्गात येतात. कोणी वऱ्हाडी बोलतो, कोणी अहिराणी. तांड्यावरचे पोर गोरमाटी बोलते, पाड्यावरचे भिली बोलते. त्याच्या तोंडचा शब्द "अशुद्ध" ठरवून वर्गास हसविले, तर त्या पोराचे तोंड वर्षभरासाठी मिटते. आधी त्याच्या शब्दाने त्याच्याशी बोलावे, मग पुस्तकातला शब्द त्याच्या शेजारी ठेवावा. पोर महिनाभर होऊनही रमत नसेल तर ते हट्टी आहे असे म्हणून मोकळे होऊ नये. त्यास नीट दिसते का, ऐकू येते का, कोणी जातीवरून वा कपड्यांवरून चिडविते का, हे पाहावे. सरकारी शाळांतील मुलांची प्रकृती तपासण्यासाठी २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे. तपासणीचे पथक शाळेत येते त्या दिवशी आईबापांनी पोरास घरी ठेवू नये.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत व समितीत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे याच कायद्यात आहे. परंतु कित्येक गावी समिती कागदावर असते आणि सह्या घरी जाऊन घेतल्या जातात. जूनच्या पहिल्या सभेस आपल्या बायकांनी जावे, आणि पाणी आहे का, मुतारीस दार आहे का, पहिलीच्या वर्गास शिक्षक आहे का, एवढे तीन प्रश्न विचारावेत. पोर शाळेत रमण्याचा अर्धा बंदोबस्त या तीन प्रश्नांत आहे.

दोन प्रकारच्या पोरांची आम्हांस विशेष काळजी वाटते. पहिली म्हणजे घरची थोरली मुलगी. पेरणीत तान्ह्यास कोण सांभाळील, म्हणून तिला घरी बसविले जाते, आणि धाकटा भाऊ दप्तर घेऊन शाळेत जातो. तिची शाळा त्याच्या शाळेइतकीच खरी आहे. तीन वर्षांवरील पोरासाठी अंगणवाडी आहे. त्याहून लहानासाठी शेजारच्या दोन-तीन घरांनी आळीपाळीने एक म्हातारी माणूस घरी ठेवावे. दुसरी पोरे ऊसतोडीस जाणाऱ्या घरांची. दसरा-दिवाळीनंतर गाडी निघाली की ती उन्हाळ्याच्या तोंडी परत येतात. त्यांना सलग शाळा मिळते ती जूनपासूनच्या या चार-पाच महिन्यांचीच. त्यातलाही पंधरवडा रडण्यात व घरी राहण्यात गेला तर उरले काय? अशा घरांनी होता होईल तो पोर आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात ठेवावे. बरोबर न्यावेच लागले तर फडाजवळच्या शाळेत नाव घालावे. दाखला येण्यास उशीर झाला किंवा जन्माचा पुरावा नाही, एवढ्यावरून त्यास परत पाठविण्याचा शाळेस अधिकार नाही, हे कायद्याचे बोलणे तोंडपाठ ठेवावे.

१९१७ साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, तेव्हा पोरास शाळेत न धाडणाऱ्या आईबापांस दरमहा एक रुपया दंड ठेवला होता. आजच्या कायद्यात पोरास शाळेत घालणे हे आईबापांचे कर्तव्य म्हटले आहे, पण दंड नाही. जे काम त्या काळी रुपयाच्या भीतीने व्हावयाचे, ते आता आपल्या समजुतीने झाले पाहिजे. पाभर एक दिवस उशिरा धरली तर फार तर चार शेजारी हसतील. पण पोराचे मन शाळेतून एकदा उठले तर ते परत बसविणे फार अवघड. सबब या जूनमध्ये प्रत्येक घराने रोजचा अर्धा तास पहिलीतल्या पोरासाठी काढून ठेवावा, इतकेच आमचे आमच्या वाचकांस आग्रहाचे सांगणे आहे.