दार लागेल अशी खोली

हैदराबादच्या बालापूर भागात म्यानमारहून आलेले हजारो रोहिंग्या राहतात. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. त्यामुळे संयुक्त राष्ट्रांचे ओळखपत्र आणि स्वयंसेवी संस्था, एवढाच त्यांचा आधार. त्यांनी इथे राहावे की नाही, हे सरकार आणि न्यायालय ठरवतील. तोवर मुलाची शाळा, बाळंतिणीचा दवाखाना थांबत नाही.

अशा संस्थेला देणगीदार तांदूळ देतात, जागेचे भाडे देत नाहीत. पण दहा जणांसमोर एखादी बाई आपल्यावरचा अत्याचार कसा सांगेल? वेगळी खोली म्हणजे चैन नव्हे.

कोल्हापूरजवळ वळिवड्याने १९४३ पासून सुमारे ५,००० पोलिश निर्वासित सांभाळले. आपल्या मंडळांच्या खोल्या मात्र कार्यक्रमापुरत्याच उघडतात. कार्यकारिणीने त्यांतली एक तरी द्यावी.