औषधापुरती

माणसाला चाळिशी लागते ती नुसती नाकावर लागत नाही, जिभेवरही लागते. पंचविशीत जी मित्रमंडळी तालमीतले डाव, गावची निवडणूक आणि कुणाचे कुणाशी जमले यांवर रात्र काढीत, तीच मंडळी आता भेटली की पहिला प्रश्न विचारतात, “काय वो सर, गुडघा काय म्हणतोय?” गुडघ्यावरून गाडी कंबरेवर येते, कंबरेवरून पित्तावर आणि पित्तावरून साखरेवर. प्रत्येकाजवळ स्वतःचे असे एक दुखणे असते आणि ते तो प्रदर्शनातल्या खोंडासारखे कौतुकाने पुढे आणून उभे करतो. दुखण्यांची ही जत्रा भरली की तिच्या शेजारी दुसरे पाल हमखास पडते. कोणत्या दुखण्यावर कोणती बाटली, हा त्या पालातला विषय.

आमचे कबनूर इचलकरंजीला खेटून आहे. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आला १९०४ साली. त्याची खटखट पुढे आसपासच्या गावांत पसरली आणि आमच्याही गल्ल्यांत शिरली. मागाशेजारी उभे राहून ज्यांची हयात गेली त्यांचे कान मंदावतात, आणि ज्यांचे कान मंदावतात ते मोठ्याने बोलतात. त्यामुळे येथे खाजगी दुखणे असे काही उरत नाही. एखाद्याने शेजारच्या कानात मूळव्याध सांगितली, तर रस्त्यापलीकडचा पानपट्टीवाला उपाय सुचवितो.

आमच्या बैठकीत कायमचे चौघे. मागवाले अण्णा, साखर कारखान्यातून निवृत्त झालेले केमिस्ट तात्या, औषधदुकानवाला भाऊ आणि मी. मी मराठी शिकवतो, म्हणून माझ्या दुखण्यांना बैठकीत फारसा मान नाही. पाठीच्या कण्यात खरेच काही झाले तरी मंडळी म्हणतात, “सरांचं काय, वाचून वाचून आलं आसंल.”

या बैठकीची औषधयोजना ऐकण्यासारखी असते. सर्दी झाली तर रम, गरम पाण्यातून, वर दोन मिरे. झोप येत नसेल तर व्हिस्की. मुतखडा असेल तर बीअर, तीही गार. म्हाताऱ्या माणसाच्या छातीत कफ असेल तर चमचाभर ब्रँडी. आंबोलीचा घाट उतरून गोव्याला जाऊन आलेला कुणी बसला असला तर पोटाच्या प्रत्येक तक्रारीवर काजूची फेणी. या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले; आमच्या मंडळींनी तिला वैद्यकीय मानांकन त्याच्या कितीतरी आधी देऊन टाकले होते.

यातले खरे किती? रम घेतल्यावर ऊब वाटते ती कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात म्हणून. शरीर आतून त्या वेळी उष्णता गमावीत असते. व्हिस्कीने डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्रीची झोप मोडते. बीअरने लघवी जास्त होते हे खरे, पण ते काम पाणी बिनखर्चात करते. आणि बीअर रक्तातले यूरिक ॲसिड वाढवते, म्हणजे खडा पडायच्या आधी अंगठ्याचा सांधा धरायचा. पित्ताचे तर विचारूच नका. अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडप दारूने सैल होते आणि आंबट वर येते. पित्तावर घेतलेली दारू म्हणजे घर पेटल्यावर पंखा लावण्यातला प्रकार.

पण मंडळींना हसण्याआधी सरकारकडे पाहावे. मुंबईचा दारूबंदी कायदा १९४९ चा. त्याच वर्षी १ मार्चला कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, त्यामुळे विलीनीकरणामागोमाग दारूबंदीही आमच्या घरी आली. बंदीच्या काळात ज्याच्याजवळ डॉक्टरचा दाखला असे त्याला प्रकृतीच्या कारणावरून परवाना मिळे. म्हणजे निरोगी माणसाने पिणे हा गुन्हा, आणि पिण्यासाठी आजारी असणे हा कायदेशीर मार्ग! १९५१ मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मद्यार्क असलेली औषधे व प्रसाधने यांच्यावरची बंदी तेवढी रद्द केली. औषध आणि दारू यांची सोयरीक अशी थेट दिल्लीच्या मांडवात लागली.

पुढे बंदी सैल झाली, दुकाने उघडली, पण कायदा काही गेला नाही. महाराष्ट्रात दारू बाळगायला आणि प्यायला आजही परवाना लागतो. सौम्य मद्याला वयाची अट २१, कडक मद्याला २५. एका दिवसाचा परवाना देशीसाठी दोन रुपयांना आणि विदेशीसाठी पाच रुपयांना मिळत आला आहे, आणि तो कशासाठी दिला जातो? तर प्रकृती राखण्यासाठी. एखाद्या गृहस्थाने रात्री दाराशी अडखळत “औषधापुरतीच घेतली” असे सांगितले, तर तो खोटे बोलत असेल. पण सरकारी भाषेत बोलत असतो एवढे खरे.

माझ्या विषयातला दाखला द्यायचा तर गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’चा द्यावा लागेल. हे नाटक रंगभूमीवर आले १९१९ साली; त्याच वर्षीच्या जानेवारीत गडकरी गेले होते. वर्गात मुले आर्यमदिरामंडळाला हसतात, तळीरामाच्या दुखण्यावर भांडणाऱ्या वैद्य-डॉक्टरांना तर टाळ्याच देतात. मी त्यांना एकच गोष्ट पाहायला सांगतो. सुधाकराच्या हातात पहिला प्याला येतो तो चैन म्हणून नव्हे, मनस्तापावरचा उपाय म्हणून. तळीराम त्याला दारू देत नाही, औषध देतो. तिथेच सगळे नाटक आहे.

कुणी म्हणेल, आयुर्वेदातही आसवे आणि अरिष्टे आहेत. आहेत. धायटीची फुले घालून ती मुरवतात आणि त्यांत मद्यार्क आपोआप तयार होतो. पण ती चमच्याने, जेवणानंतर, पाणी घालून घ्यायची असतात. द्राक्षासवाचा कुणी चकणा मांडलेला ऐकिवात नाही. आणि ज्या चरकसंहितेचा दाखला मंडळी देतात, तिच्या चिकित्सास्थानात मदात्ययावर, म्हणजे अतिपानाने जडणाऱ्या विकारांवर, एक स्वतंत्र अध्याय आहे. तो मात्र कुणाला आठवत नाही.

या सगळ्यात आमचे तात्या बोलतात कमी आणि हिशेब करतात जास्त. “सर, आपला ऊस बगा,” ते म्हणतात, “एक टन गाळला की चाळीस-पंचेचाळीस किलो मळी निघती. तिच्यातनं दहा लिटरच्या आसपास मद्यार्क. त्योच रंग लावून, वास लावून, विलायती नावानं परत गावात येतो.” आमच्या शिवारातला ऊस असा चिमणीखालून जातो आणि बाटलीतून परततो. गंमत अशी की त्याच उसाचा रस आमच्याकडे काविळीवरचे औषध समजतात. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळून काविळीची मोठी साथ आली, माणसेही गेली. तेव्हा घरोघर रसाचे तांबे फिरत होते आणि ज्यांना यकृत कुठल्या बाजूला असते हे ठाऊक नव्हते, तेही उजव्या बरगडीखाली हात लावून पाहू लागले. साथ ओसरली आणि हात पुन्हा पेल्याकडे गेला.

तात्यांचा दुसरा हिशेब अधिक उपयोगी आहे. व्हिस्की-रममध्ये साधारण ४२.८ टक्के मद्यार्क असतो. म्हणजे एका नाइंटीत, नव्वद मिलिलिटरमध्ये, तीसेक ग्रॅम शुद्ध मद्यार्क. आठ टक्क्यांच्या ‘स्ट्राँग’ बीअरची ६५० मिलिलिटरची बाटली घेतली तर तो भरतो चाळीस ग्रॅमच्या वर. “मी फक्त बीअर घेतो” असे सोवळेपणाने सांगणारा माणूस नाइंटीवाल्याच्या पुढे गेलेला असतो.

अण्णा या फक्त बीअरवाल्यांतलेच. दोन वर्षे त्यांचे पित्त आमच्या बैठकीचा स्थायी विषय होता. थंड दूध झाले, कोकम झाले, भाऊच्या दुकानातल्या गोळ्या झाल्या. रात्रपाळीने पाय भरून आले की ते दुखण्याची गोळी घेत आणि वर बीअर. रिकाम्या पोटी या दोघी भेटल्या तर जठराला जखम होऊन रक्त जाऊ शकते हे भाऊने सांगितले, तेव्हा अण्णा म्हणाले, “मर्दा, माझं पोट कोल्हापूरचं हाय.” डॉक्टरांनी किती घेता विचारले, तर त्यांनी सांगितले, “कधीमधी.” डॉक्टरांनी कधीमधीची गोळी दिली.

गेल्या पावसाळ्यात सोनोग्राफी झाली. पित्त नव्हते. यकृतावर चरबी होती आणि ते कडक होऊ लागले होते. यकृताचा स्वभाव आमच्या गावाच्या अगदी उलट. ते बराच काळ काही बोलत नाही, दुखत नाही, ओरडत नाही. ज्या अण्णांनी पाच मिनिटांच्या ठसक्याचे आख्यान लावले असते, त्यांनी ही गोष्ट आम्हांला दोन महिन्यांनी सांगितली, आणि तीही हळू आवाजात. मागाच्या गावात माणूस हळू बोलला की समजावे, दुखणे खरे आहे.

त्यानंतरच्या बैठकीला अण्णांनी पेल्यावर हात ठेवला. भाऊ सवयीने म्हणाला, “एकच घे रे, औषधापुरती.” अण्णा त्याच्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “भावा, तुज्या दुकानात चिठ्ठीबिगार तू औषध देत न्हाईस. मग ह्ये बिनचिठ्ठीचं कसं चालतंय?” भाऊने बाटली खाली ठेवली. तात्यांनी उगाच घसा साफ केला. त्या दिवशी गुडघ्याची चर्चा तासभर चालली, कारण दुसरे काही बोलायची कुणाची छाती नव्हती. अण्णांना भीती वाटते आहे हे चौघांनाही कळले होते. आम्हां पुरुषांना भीती सांगता येत नाही. आम्ही पित्त सांगतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच दारूला कर्करोगकारक ठरविले आहे, आणि अमुक इतकी घेतली तर अपाय नाही असा पेला दाखविता येत नाही, असे त्या संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये सांगितले. हे ऐकून सगळे गाव पेले फोडील असे मी म्हणत नाही. पण वाचकहो, दोन गोष्टी कुणालाही जमण्यासारख्या आहेत. डॉक्टरांनी किती घेता विचारले तर ‘कधीमधी’ हे माप सांगू नये. आठवड्याला किती नाइंटी, किती बाटल्या, ते मोजून सांगावे. रोज भरपूर घेणाऱ्याने तर सोडतानाही डॉक्टरांना विचारूनच सोडावी. एकदम बंद केल्याने हातपाय थरथरतात, फिटही येऊ शकते.

दुसरी गोष्ट आग्रहाची. आपल्याकडे आग्रह करणे हे प्रेम समजतात. पंगतीत जिलबीचा आग्रह होतो तसा बैठकीत पेल्याचा होतो. पण जिलबीला नाही म्हणणाऱ्याला कुणी “बायकोला भितोस काय?” असे विचारीत नाही. पेल्यावर हात ठेवणाऱ्या माणसाने कदाचित दोन महिने धीर गोळा करून तो हात तेथे ठेवलेला असतो. त्याला कारण विचारू नये, टोमणा मारू नये. निमूटपणे सोडा ओतावा, लिंबू पिळावे आणि त्याचा गुडघा काय म्हणतो ते विचारावे.

अण्णा अजून येतात. सोडा त्यांचा, चकणाही त्यांचाच. शेंगदाणे पूर्वीपेक्षा दुप्पट खातात अशी तात्यांची तक्रार आहे. पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे. या वेळी ते भाऊला बरोबर नेणार आहेत, आकडा सांगताना जीभ अडखळली तर शेजारी साक्षीदार असावा म्हणून.