रत्नागिरी-सिंधुदुर्ग (लोकसभा मतदारसंघ)

रत्नागिरी-सिंधुदुर्ग हा महाराष्ट्रातील ४८ लोकसभा मतदारसंघांपैकी ४६ व्या क्रमांकाचा मतदारसंघ आहे. २००८ साली अमलात आलेल्या मतदारसंघ पुनर्रचनेत रत्नागिरी आणि राजापूर हे दोन जुने मतदारसंघ रद्द झाले आणि त्यांच्या बहुतांश क्षेत्राचा मिळून हा एक मतदारसंघ तयार करण्यात आला. संपूर्ण सिंधुदुर्ग जिल्हा आणि रत्नागिरी जिल्ह्याचा मध्य व दक्षिण भाग यांचा त्यात समावेश होतो. रत्नागिरी जिल्ह्याचा उत्तर भाग रायगड लोकसभा मतदारसंघात आहे. दीर्घकाळ चालू असलेल्या स्थलांतराचा एखाद्या प्रदेशाच्या संसदीय प्रतिनिधित्वावर कसा परिणाम होतो, याचे हा मतदारसंघ एक ठळक उदाहरण आहे.

== सीमा व विधानसभा मतदारसंघ ==

मतदारसंघाच्या पश्चिमेस अरबी समुद्र, पूर्वेस सह्याद्रीची रांग आणि दक्षिणेस गोवा राज्य आहे. त्यामुळे त्याचा आकार चिंचोळ्या उभ्या पट्टीसारखा झाला आहे. चिपळूणपासून दक्षिण टोकाच्या दोडामार्गापर्यंतचे रस्त्याने अंतर दोनशे किलोमीटरांहून अधिक आहे. त्यात पुढील सहा विधानसभा मतदारसंघ येतात.

* रत्नागिरी जिल्हा: चिपळूण (२६५), रत्नागिरी (२६६), राजापूर (२६७)
* सिंधुदुर्ग जिल्हा: कणकवली (२६८), कुडाळ (२६९), सावंतवाडी (२७०)

रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली आणि गुहागर हे दोन विधानसभा मतदारसंघ पेण, अलिबाग, श्रीवर्धन व महाड यांच्यासह रायगड लोकसभा मतदारसंघात मोडतात. परिणामी तेथील मतदारांचे जिल्हा प्रशासन रत्नागिरीत आहे, तर त्यांच्या लोकसभा मतदारसंघाचा मोठा भाग शेजारच्या जिल्ह्यात आहे.

== इतिहास ==

१९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत तत्कालीन मुंबई राज्यातील अविभाजित रत्नागिरी जिल्ह्यात रत्नागिरी उत्तर आणि रत्नागिरी दक्षिण असे दोन मतदारसंघ होते. १९५७ पासून त्यांच्या जागी रत्नागिरी आणि राजापूर हे मतदारसंघ आले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या पार्श्वभूमीवर झालेल्या त्या निवडणुकीत काँग्रेसला दोन्ही जागा गमवाव्या लागल्या. रत्नागिरीतून भारतीय जनसंघाचे प्रेमजीभाई आसर, तर राजापुरातून प्रजा समाजवादी पक्षाचे बॅ. नाथ पै निवडून आले.

राजापूर मतदारसंघ पुढे समाजवादी विचारांचा बालेकिल्ला म्हणून ओळखला गेला. नाथ पै यांनी १९५७, १९६२ आणि १९६७ अशा तीन निवडणुका जिंकल्या. गोलकनाथ खटल्याच्या निकालानंतर संसदेचा घटनादुरुस्तीचा अधिकार अबाधित ठेवण्यासाठी त्यांनी मांडलेले खासगी विधेयक देशभर चर्चिले गेले. जानेवारी १९७१ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर प्रा. मधू दंडवते सलग पाच वेळा येथून निवडून आले. जनता पक्षाच्या सरकारात ते रेल्वेमंत्री आणि १९८९-९० मध्ये विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या सरकारात अर्थमंत्री होते. कोकण रेल्वेच्या मागणीचा त्यांनी सातत्याने पाठपुरावा केला. १९९१ मध्ये काँग्रेसचे सुधीर सावंत यांनी त्यांचा पराभव केला आणि १९९६ पासून हा मतदारसंघ शिवसेनेकडे गेला.

१ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन सिंधुदुर्ग जिल्हा निर्माण झाला. या विभाजनामुळे लोकसभा मतदारसंघांच्या संख्येत मात्र बदल झाला नाही.

== २००८ ची पुनर्रचना ==

१९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने लोकसभेतील राज्यनिहाय जागा १९७१ च्या जनगणनेवर गोठवण्यात आल्या. ८४ व्या घटनादुरुस्तीने ही मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. राज्यांतर्गत सीमा मात्र ८७ व्या घटनादुरुस्तीनुसार २००१ च्या जनगणनेवर नव्याने आखायच्या होत्या. हे काम न्यायमूर्ती कुलदीप सिंह यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने केले.

महाराष्ट्राच्या वाट्याला ४८ लोकसभा आणि २८८ विधानसभा जागा कायम होत्या. २००१ च्या लोकसंख्येनुसार एका विधानसभा जागेमागे सरासरी सुमारे ३.३६ लाख लोकसंख्या येत होती. त्या हिशेबाने रत्नागिरी जिल्ह्याला पाच आणि सिंधुदुर्गाला तीन, अशा एकूण आठ जागा मिळाल्या. खेड, संगमेश्वर, देवगड, मालवण आणि वेंगुर्ला या नावांचे जुने विधानसभा मतदारसंघ इतिहासजमा झाले. संगमेश्वर तालुक्यातील गावे एकाहून अधिक मतदारसंघांत विभागली गेली. लोकसभेचा एक मतदारसंघ सहा विधानसभा मतदारसंघांचा असल्याने आठपैकी सहा एकत्र राहिले आणि उरलेले दोन रायगडला जोडले गेले.

याच पुनर्रचनेत ठाणे जिल्ह्यातील लोकसभा मतदारसंघांची संख्या वाढली. पूर्वीच्या ठाणे आणि डहाणू या दोन मतदारसंघांच्या जागी ठाणे, कल्याण, भिवंडी आणि पालघर असे चार मतदारसंघ आले. कोकणातील प्रतिनिधित्व अशा रीतीने दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकले. रोजगारासाठी तळकोकणातून बाहेर पडलेल्या कुटुंबांपैकी अनेकांची वस्ती मुंबईखेरीज याच उत्तरेकडील शहरांत आहे.

== निवडून आलेले सदस्य ==

राजापूर मतदारसंघ:

* १९५७, १९६२, १९६७: नाथ पै (प्रजा समाजवादी पक्ष)
* १९७१: मधू दंडवते (प्रजा समाजवादी पक्ष)
* १९७७, १९८०, १९८४: मधू दंडवते (जनता पक्ष)
* १९८९: मधू दंडवते (जनता दल)
* १९९१: सुधीर सावंत (काँग्रेस)
* १९९६, १९९८, १९९९, २००४: सुरेश प्रभू (शिवसेना)

रत्नागिरी-सिंधुदुर्ग मतदारसंघ:

* २००९: नीलेश राणे (काँग्रेस)
* २०१४, २०१९: विनायक राऊत (शिवसेना)
* २०२४: नारायण राणे (भारतीय जनता पक्ष)

२०२४ मध्ये नारायण राणे यांनी शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) पक्षाचे विनायक राऊत यांचा ४७,८५८ मतांनी पराभव केला. जैतापूरचा नियोजित अणुऊर्जा प्रकल्प, राजापूर तालुक्यातील तेलशुद्धीकरण प्रकल्पाला झालेला विरोध आणि मुंबई-गोवा महामार्गाचे रखडलेले काम हे या मतदारसंघातील निवडणुकांचे वारंवार चर्चेत आलेले विषय आहेत.

== स्थलांतर आणि प्रतिनिधित्व ==

मुंबईतील कापड गिरण्यांच्या काळापासून रत्नागिरी जिल्ह्यातून मोठ्या प्रमाणावर स्थलांतर होत आले आहे. चाकरमान्यांच्या मनीऑर्डरीवर चालणारी गावे, असे या भागाचे वर्णन केले जात असे. २०११ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढली असताना रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आणि सिंधुदुर्गाची ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर आली. दर हजार पुरुषांमागे रत्नागिरीत १,१२२ आणि सिंधुदुर्गात १,०३६ स्त्रिया होत्या. हे प्रमाण प्रामुख्याने पुरुषांच्या स्थलांतराचे द्योतक मानले जाते.

राज्याच्या लोकसंख्येतील या दोन जिल्ह्यांचा एकत्रित वाटा आणि ४८ जागांच्या हिशेबाने त्याचे मूल्य पुढीलप्रमाणे बदलत गेले.

| जनगणना | दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या | राज्यातील वाटा | ४८ पैकी जागा |
|---|---|---|---|
| १९७१ (अविभाजित जिल्हा) | सुमारे १९.९ लाख | ३.९ टक्के | १.९० |
| २००१ | २५.६६ लाख | २.६ टक्के | १.२७ |
| २०११ | २४.६५ लाख | २.२ टक्के | १.०५ |

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० नुसार मतदाराची नोंद तो सर्वसाधारणपणे जेथे राहतो त्या ठिकाणी होते. गावी केवळ घर मालकीचे असल्याने हा निकष पूर्ण होत नाही; तसेच तात्पुरत्या अनुपस्थितीमुळे तो संपुष्टातही येत नाही. गणेशोत्सवात आणि शिमग्याला गावी येणाऱ्या, घर व जमीन गावातच असलेल्या चाकरमान्यांची गणना आणि बहुधा मतदारनोंदणीही शहरात होते. गावातील रस्ते, पाणी आणि प्रकल्प यांच्याशी त्यांचे हितसंबंध कायम असले, तरी मतदारसंघाच्या आकारमानात त्यांची गणती होत नाही.

== आगामी पुनर्रचना ==

केंद्र सरकारने जून २०२५ मध्ये जनगणनेची अधिसूचना काढली असून देशाच्या बहुतांश भागासाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख निश्चित केली आहे. ८४ व्या घटनादुरुस्तीतील मुदतीनुसार २०२६ नंतरची ही पहिलीच जनगणना ठरते. लोकसभा आणि विधानसभांत महिलांसाठी एकतृतीयांश जागा राखीव ठेवणारी २०२३ ची १०६ वी घटनादुरुस्तीही जनगणनेनंतरच्या पुनर्रचनेशी जोडलेली आहे.

विधानसभेच्या २८८ जागा कायम ठेवून २०११ ची लोकसंख्या आधार मानली, तर रत्नागिरी जिल्ह्याच्या वाट्याला चार आणि सिंधुदुर्गाच्या वाट्याला दोन जागा येतात. म्हणजे सध्याच्या आठऐवजी सहा. तसे झाल्यास दोन्ही संपूर्ण जिल्हे मिळून एकच लोकसभा मतदारसंघ होऊ शकेल. दापोली व गुहागर हे भाग आपल्या जिल्ह्याशी पुन्हा जोडले जातील. परंतु खासदाराचे कार्यक्षेत्र उत्तरेस मंडणगडापर्यंत वाढेल. एकूण जागांची संख्या वाढवण्यात आली, तर या जिल्ह्यांच्या जागा कायम राहू शकतात किंवा वाढूही शकतात. राज्यातील त्यांचा वाटा मात्र लोकसंख्येच्या प्रमाणातच ठरेल.

या प्रश्नाला दोन बाजू आहेत. २०२४ मध्ये या मतदारसंघात सुमारे साडेचौदा लाख, तर ठाणे मतदारसंघात सुमारे पंचवीस लाख मतदार होते. मताचे मूल्य समान असावे, या तत्त्वाच्या दृष्टीने ही तफावत कमी होणे आवश्यक आहे. दुसरीकडे, केवळ लोकसंख्येचा निकष लावल्यास रोजगाराअभावी रिकाम्या होणाऱ्या प्रदेशाचा संसदेतील आवाज आणखी क्षीण होतो आणि रोजगाराची मागणी मांडणारे प्रतिनिधीही कमी होतात. लोकसंख्यावाढ रोखणाऱ्या दक्षिणेकडील राज्यांनी देशपातळीवर जो आक्षेप घेतला आहे, त्याच्याशी याचे साम्य आहे. मात्र तेथे प्रश्न राज्याराज्यांतील वाटणीचा आहे, तर येथे एकाच राज्यातील जिल्ह्यांमधील.

परिसीमन कायदा, २००२ मध्ये भौगोलिक सलगता, नैसर्गिक रचना, प्रशासकीय सीमा, दळणवळणाच्या सोयी आणि जनतेची सोय हे निकष नमूद आहेत. २००८ पूर्वी आयोगाने आपले प्रस्ताव प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागवल्या होत्या. त्याच पद्धतीने पुढील पुनर्रचना झाल्यास खाड्या आणि घाटांनी विभागलेल्या या पट्टीत हे निकष कसे लागू करायचे, याविषयी नागरिकांना आपले म्हणणे याच टप्प्यावर मांडता येईल.