डोंगरावर की डोंगरासमोर?

तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात. त्यामुळे प्री-वेडिंगचे फोटो त्याआधी, भाद्रपद-आश्विनातच उरकून घ्यायचे, असं हल्ली अनेक घरांत ठरतं. सह्याद्री ऐन रूपात असतो तोही याच दिवसांत. पाऊस ओसरलेला, ओढे अजून वाहते, उतारांवर सोनकीचा पिवळा रंग. (पितृपक्षात फोटो चालतात का, यावर दोन्हीकडच्या आज्यांचं एकमत होत नाही, ती अडचण वेगळी.) मग साखरपुडा झालेली जोडी, फोटोग्राफर, मेकअपवाली आणि कपड्यांच्या चार बॅगा घेऊन गाड्या शनिवार-रविवारी घाटमाथ्याला लागतात.

हे खूळच बंद करा, असे ठराव काही समाजांच्या बैठकांत झाले आहेत. त्यातला खर्चाचा मुद्दा रास्त आहे. कर्ज काढून ड्रोन उडवण्यात शहाणपण नाही. पण लग्न ठरलेल्या दोघांनी एक दिवस डोंगरात घालवला म्हणून संस्कृती बुडते, हे काही पटत नाही. फोटो हवे असतील त्यांनी खुशाल काढावेत. वाद घालायचाच तर तो जागेवरून घालावा.

सर्वाधिक मागणी कास पठाराला. साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटरवरचं हे पठार 2012 पासून पश्चिम घाटाचा भाग म्हणून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. फुलांच्या गालिच्यात बसलेली जोडी फोटोत गोड दिसते, यात शंका नाही. पण तो गालिचा जांभ्या दगडावरच्या मातीच्या पातळ थरावर उगवलेला असतो. गेंद, सीतेची आसवं ही रोपं वीतभरही उंच नसतात. घेरदार गाऊन पसरून तिथे दहा मिनिटं बसलं तरी बुडाखालची रोपं चिरडतात, आणि ती बी धरण्याआधी गेली तर पुढच्या वर्षी तिथे काय उगवणार? टोपली कारवी तर सात वर्षांनी एकदाच फुलते. हंगामात तिथे पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा आणि नोंदणीची सोय आहे, ती याचसाठी. पायवाटेवर उभं राहून फोटो काढता येतो. पण ‘फुलांत बसलेला’ फोटो हवा असेल, तर कासचा नाद सोडलेला बरा.

गडांचा प्रश्न थोडा गुंतागुंतीचा आहे. जुलै 2025 मध्ये रायगड, राजगड, लोहगड, प्रतापगड, शिवनेरीसह बारा किल्ले जागतिक वारसा ठरले. एक बाजू म्हणते, गड ही महाराजांची स्मृती, तिथे असले चाळे नकोत. दुसरी म्हणते, गडावर सहली जातात, मुलं डबे खातात, मग नवरी मुलगी नऊवारी नेसून उभी राहिली तर काय बिघडलं? दुसऱ्या बाजूत दम आहे. गडावर आलेल्या जोडप्यांना हटकून त्यांचे व्हिडिओ काढणाऱ्या स्वयंघोषित रखवालदारांचं समर्थन तर होऊच शकत नाही. पण बुरुजाच्या तटावर चढणं, रंगीत धुराच्या नळकांड्या पेटवणं आणि त्यांची टरफलं तिथेच टाकून येणं याला स्मृतीचा आदर कुणी म्हणणार नाही. शिवाय संरक्षित स्मारकात व्यावसायिक चित्रणाला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. 250 ग्रॅमहून जड ड्रोन धंद्यासाठी उडवायचा तर नोंदणी आणि पायलटचं प्रमाणपत्रही हवं. अनेक ‘पॅकेजां’त हे गृहीतच धरलेलं नसतं.

या सगळ्यात एक साधी गोष्ट राहून जाते. डोंगराच्या माथ्यावर उभं राहिलं की फोटोत डोंगर येत नाही. आकाश येतं, आणि पावसाळ्यात तर नुसतं पांढरं धुकं. कडा दिसायला हवा असेल तर त्याच्यासमोर, थोडं खाली आणि लांब उभं राहावं लागतं. पवनेच्या जलाशयाकाठी मावळतीला तुंगचं टोकदार शिखर काळं होत जातं आणि पाण्यात उतरतं. भंडारदऱ्याला पाण्यापलीकडे रतनगड उभा असतो. वाईजवळ धोमच्या पाण्याकडेला किंवा मेणवलीच्या घाटावर दगडी पायऱ्या, नदी आणि मागे डोंगररांग एकाच चौकटीत बसते. कोकणाकडे तोंड करून असलेल्या कड्यांवर सकाळी सावली असते, ऊन पडतं ते दुपारनंतर. त्यामुळे पहाटे तीनला उठून मेकअप करण्याची गरजही अनेकदा नसते.

पायथ्याच्या गावालाही यात चार पैसे मिळतात. साडी बदलायला कुणाच्या तरी घरातली खोली, दुपारी पिठलं-भाकरी, वाट दाखवायला गावातलाच एखादा पोरगा. वरच्या टोकावर यातलं काही नाही, आणि तिथे साडीचा घोळ सावरत घसरड्या दगडावर मागे सरकणारी नवरी पाहिली की पोटात गोळा येतो. 30 जून 2024 ला लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. ते फोटोसाठी नव्हे, नुसते सहलीला आले होते. पावसाळ्यात जिल्हाधिकारी अशा जागांवर बंदी घालतात तेव्हा त्यातून पळवाट शोधू नये.

एक अपवाद मान्य करायला हवा. दोघं मूळचे गिर्यारोहक असतील, ओळखच ट्रेकमध्ये झाली असेल, तर त्यांनी हरिश्चंद्रगडावर जावं, पाठीवरच्या सॅकसकट, बूट घालून फोटो काढावेत. तिथेही अभयारण्याचे नियम आहेतच. बाकीच्यांना तिथे भाड्याचा गाऊन चढवून नेण्यात अर्थ नाही.

तेव्हा ठिकाण पायथ्याचं निवडा, वेळ दुपारनंतरची ठेवा, आणि आगाऊ रक्कम देण्याआधी फोटोग्राफरकडे परवानगीचा कागद मागा. तो ‘तिथे कुणी विचारत नाही’ म्हणाला, तर दुसरा फोटोग्राफर बघा.