स्मरणविधी आणि न्याय
१५ एप्रिल १९८९ रोजी इंग्लंडमधील शेफील्डच्या हिल्सबरो फुटबॉल मैदानावर, पोलिसांच्या हुकमाने उघडलेल्या दरवाजातून आत लोटलेल्या गर्दीच्या रेट्याने लोखंडी जाळीशी चिरडलेल्या लिव्हरपूल क्लबच्या प्रेक्षकांची नावे त्या क्लबच्या ॲनफिल्ड मैदानातील शिळेवर कोरलेली आहेत. परंतु त्या शिळेहूनही मला वंदनीय वाटते ती आप्तांची चिकाटी, कारण मृतांवरच मद्यपानाचा आळ घेणाऱ्या पोलिसी कैफियती आणि १९९१चा ‘अपघाती मृत्यू’ हा निवाडा नाकारून त्यांनी २०१६ साली, ही ९६ माणसे बेकायदा मारली गेली, असा ज्यूरीचा निर्णय मिळवला. क्लबांनी पुष्पचक्रे वाहावीत, मौन पाळावे, हे उचितच. पण चौकशीचे दफ्तर बंद होऊ न देणे, हेही स्मरणविधीचेच अंग होय. त्या दिवशीच्या इजांनी २०२१ साली दगावलेल्या ९७व्या प्रेक्षकाबाबतही पुढे तोच, बेकायदा मारला गेल्याचा, निर्णय झाला.