बंदूक शिकविणाराची परीक्षा

शेतीसंरक्षणाची बंदूक मागणाराने प्रथम ती हाताळण्याचे रीतसर शिक्षण घ्यावे, अशी अपेक्षा २०१६ च्या शस्त्र नियमांनी ठेवल्यापासून आमच्या पुष्कळ शेतकरी बांधवांची कुरकुर चालू आहे. रानडुक्कर भातात शिरते ते धन्याचा दाखला पाहून माघारी फिरत नाही, असे ते म्हणतात. म्हणण्यात तथ्य आहे. पोटरीस आलेले खाचर एका रात्रीत लोळवून कळप निघून जातो आणि शेतकरी मात्र जिल्ह्याच्या ठिकाणी हेलपाटे घालीत राहतो. तथापि या प्रश्नी आमचे मत थोडे निराळे आहे. शिक्षणाची अट असावी की नसावी, यावर वाद घालण्यात आम्हास फारसे स्वारस्य नाही, ती असावीच. शिकविणारा कोण, त्याची पात्रता काय आणि ती कोणी पाहिली, हा खरा प्रश्न होय, आणि तो आमच्याकडे क्वचितच कोणी विचारतो.

१९५९ च्या शस्त्र कायद्याने पिकाच्या राखणीसाठी मुख्यतः ठासणीची बंदूकच देऊ केली आहे. तिने भागणार नाही अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री झाली, तरच गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक मिळू शकते. ठासणीची बंदूक जुनी, साधी व स्वस्त म्हणून ती निरुपद्रवी, असा जो समज गावोगाव रूढ आहे तो घातक आहे. काडतुसाची बंदूक उघडून पाहिली की भरलेली आहे किंवा नाही हे डोळ्यांस दिसते. ठासणीच्या बंदुकीचे तसे नाही. नळीत गज सोडून तो कोठवर जातो हे पाहावे लागते, आणि त्यासाठी रिकाम्या नळीची खूण गजावर आधीच करून ठेवावी लागते. ही खूण किती घरांच्या गजांवर आहे? भरलेला बार काढणे कटकटीचे, म्हणून टोपी तेवढी उतरवून बंदूक खुंटीस टांगण्याची चाल आहे. टोपी काढली म्हणजे बंदूक रिकामी झाली असे नव्हे. दारू आणि छर्रे आत तसेच असतात. त्यावर विसरून दुसरा बार ठासला गेला तर नळी फुटून ठासणाराचाच हात जावयाचा. पावसाळ्यात दारू सर्दावते. टोपी फुटते, परंतु बार उडत नाही. अशा वेळी नळीचे तोंड निर्धोक दिशेस धरून काही काळ स्वस्थ थांबावे, कारण बार उशिराने उडू शकतो, हे पुस्तक वाचून कळेल. पण अंधारात, समोर जनावर असता, हातून तसेच घडावे यासाठी कोणी तरी ते करवून घेतले पाहिजे.

या बाबतीत अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचे उदाहरण विचार करण्याजोगे आहे. तेथे कपड्याआड पिस्तूल बाळगण्याचा परवाना राज्ये आपापल्या कायद्याने देतात, आणि शिक्षणाच्या अटींत एकवाक्यता अशी मुळीच नाही. इलिनॉय राज्याने २०१३ साली असा परवाना देण्याचा कायदा केला, तो १६ तासांच्या शिक्षणाची अट घालून. उमेदवाराने ५, ७ व १० वार अंतरांवरून एकूण ३० गोळ्या झाडावयाच्या व शेकडा ७० तरी निशाणावर लागल्या पाहिजेत. न्यूयॉर्कने २०२२ पासून वर्गात १६ तास आणि प्रत्यक्ष गोळीबाराचे २ तास ठरविले. टेक्ससमध्ये वर्ग ४ ते ६ तासांचाच आहे. शिवाय २०२१ च्या सप्टेंबरपासून तेथे सामान्य प्रौढ नागरिकास पिस्तूल बाळगण्यास परवान्याची सक्तीही उरलेली नाही. २०२४ पर्यंत २९ राज्ये या वाटेने गेली. परवाना नको म्हटल्यावर शिक्षणाची सक्तीही आपोआप गेली. ज्या देशात घरोघरी बंदुका आहेत तेथील हा उदारपणा आम्ही आपल्याकडे मागू इच्छीत नाही.

आम्हास घेण्याजोगे वाटते ते दुसरेच. इलिनॉयमध्ये शिकविणारास राज्याच्या पोलीस खात्याची मान्यता घ्यावी लागते. टेक्ससमध्ये सार्वजनिक सुरक्षितता खाते शिक्षकास स्वतः शिकवून मग प्रमाणपत्र देते. म्हणजे दाखला देणाराच्या सहीस काही आधार असतो. व्हर्जिनियात पूर्वी पडद्यावरील पाठ पाहूनही दाखला मिळे. २०२१ च्या आरंभापासून ते बंद करून शिक्षकासमोर हजर राहणे आवश्यक केले गेले. पडद्यावरचा गुरू शिष्याचे बोट चापावर आहे की चापाबाहेर, हे कसे पाहणार?

आमच्या नियमांत शिकविण्याचे विषय चांगले सांगितले आहेत: शस्त्र सुरक्षितपणे धरणे व नेणे, ते चालविणे, त्याची निगा, साठवण व वाहतूक, आणि कायद्याची माहिती. परंतु हे विषय ज्याने शिकवावयाचे तो बहुधा शहरातील निशाणबाजीच्या जागेवरचा असतो. त्याचे ज्ञान पिस्तुलाचे आणि काडतुसी बंदुकीचे. माळ्यावर बसून विजेरीच्या उजेडात हललेल्या झुडुपाकडे पाहणे म्हणजे काय, शेजारच्या बांधावर दुसरा राखणदार असतो, वाटेने कोणी उशिरा घरी परतत असतो, हे त्याच्या वर्गात येत नाही. डुक्कर समजून माणसावर बार टाकला गेल्याच्या बातम्या आपण सर्वांनीच वाचल्या आहेत. त्यांतील मारणारा आणि मरणारा पुष्कळदा एकाच गावचे असतात.

यावर कोणी म्हणतील की, बापाने मुलास शिकविले, आजाने बापास शिकविले, आजवर काय बिघडले? घरच्या शिक्षणाची आम्हास कदर आहे. पण बापाबरोबर त्याची चुकीची सवयही मुलाकडे येते, खुंटीवरची भरलेली बंदूक हीच त्याची साक्ष. शिवाय रानडुक्कर मारावयाचे तर बंदुकीच्या परवान्यावर भागत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते, ही गोष्ट आजोबांच्या शिकवणुकीत कोठून असणार?

सातारा व कोकणात सैन्यातून निवृत्त होऊन शेती करणारे पुष्कळ आहेत. शिकविण्याचे काम त्यांजकडे द्यावे, ही सूचना अनेकांनी केली आहे व ती आम्हास मान्य आहे, एका अटीवर. फौजेतील शिपायाने आयुष्यभर रायफल वापरलेली असते, ठासणीची बंदूक बहुधा कधीच नाही. म्हणून प्रथम त्याचीही परीक्षा व्हावी. पोलीस खात्याने घ्यावी, आणि तीत गावातील एखादा जाणता राखणदार बसवावा. वर्ग तालुक्याच्या ठिकाणी, मृगापूर्वी भरावा. दोन दिवसांहून अधिक नको, नाहीतर गरीब शेतकरी येणारच नाही. खर्चाचा निम्मा भाग शेतकरी संघांनी सोसावा. संघाच्या येत्या सर्वसाधारण सभेत हा विषय घेऊन जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावयाचा झाल्यास त्यात मागणी अट रद्द करण्याची नसावी, तालुक्यास एक मान्यताप्राप्त शिक्षक नेमण्याची असावी.